एक टोक उलटं

दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि टेबलाखालून गेलेली चार-पाच मीटरची राखाडी वायर. सन २००० च्या आगेमागे पांढुर्ण्याच्या नाहीतर सौंसरच्या बाजारात डीटीपीच्या दुकानात शिरलं की ही मांडणी दिसायची. एका कॉम्प्युटरवर कृतिदेव, दुसऱ्यावर श्रीलिपी. कृतिदेववर तहसील कचेरीचे अर्ज, शपथपत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं हिंदीत. श्रीलिपीवर लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, तेरवीच्या चिठ्ठ्या, मराठीत. गिऱ्हाईक तेच असायचं. कागद भोपाळच्या दिशेनं जाणार असेल तर हिंदी, आणि काटोल, नरखेड, वरुडच्या सोयऱ्यांकडे जाणार असेल तर मराठी. एका फॉन्टमधली फाइल दुसऱ्यात उघडली की अक्षरांची खिचडी व्हायची, म्हणून दोन डबे वेगळे ठेवलेले. प्रिंटर मात्र एकच परवडायचा.

त्या दोन डब्यांना जोडणारी वायर कंपनीतून तयार आलेली नसायची. कोणीतरी ती गुंडाळीतून कापलेली, ब्लेडनं सोललेली आणि टोकांना प्लास्टिकचे जॅक दाबून बनवलेली असायची. एका टोकाजवळ चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर बॉलपेननं ‘क्रॉस’ लिहिलेलं. ही खूण पुसली आणि तीच वायर पुढे कोणी अनेक कॉम्प्युटर जोडणाऱ्या हबला लावली, की अर्धा दिवस डोकेफोड ठरलेली.

या हातानं मारलेल्या केबलींचा काळ जेमतेम पंधरा वर्षांचा. त्याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही आणि कुठल्या अहवालातही नाही. पण आमच्या भागात कॉम्प्युटर कसा रुजला हे सांगायचं तर सुरुवात त्या चिकटपट्टीपासूनच करावी लागते.

आधी या पट्ट्याचा भूगोल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत इथल्या माणसाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरसह छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली, पांढुर्ण्याहून अडीचशे किलोमीटरच्या वर. नागपूर शंभरेक किलोमीटरवर होतं तिथेच राहिलं. संत्र्याचे ट्रक, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं नागपूरला. दाखले, बदल्या, परीक्षेचे निकाल भोपाळहून.

रेल्वेची तऱ्हा आणखी न्यारी. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या लाइनीवर. रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, दिल्ली-मद्रासच्या गाड्या इथूनच धडधडत जातात. तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या सौंसरला मात्र अडीच फुटी छोटी लाइन. ती नागपूरच्या इतवारी स्टेशनातून निघून छिंदवाड्याला जायची. दोन्ही स्टेशनं रेल्वेच्या ‘नागपूर विभागा’तच, पण एक मध्य रेल्वेच्या आणि दुसरं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढायचा नाही. शेजारच्या दोन गावांची सरळ जोडणी नसणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

कॉम्प्युटर आला तो नागपूरच्या बर्डीवरून. सुट्या भागांची जुळणी करून, थर्माकोलात बांधून, एसटीच्या टपावर नाहीतर जीपच्या मागच्या सीटवर. त्याचं प्रमाणपत्र मात्र भोपाळचं. मध्यप्रदेशातल्या छोट्या गावांना कॉम्प्युटर शिकवला तो एका पत्रकारितेच्या विद्यापीठानं, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९९० च्या कायद्यानं स्थापन झालेल्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाची डीसीए आणि पीजीडीसीए या दोन पदविकांची केंद्रं गावोगाव निघाली. सीमेपलीकडे २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएससीआयटीची लाट आली. एकाच घरात थोरला ‘माखनलालचा’ आणि मामाकडे राहणारा धाकटा ‘एमएससीआयटीवाला’ असा प्रकार आमच्याकडे नवलाचा नाही.

दोन कॉम्प्युटर जोडण्याची पहिली खटपट मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिचे कारागीर कॉम्प्युटरवाले नव्हतेच. ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे होते. नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असायचा. त्याचं मानक, आरएस-२३२, अमेरिकेत १९६० मध्ये ठरलेलं. या पोर्टची दुसरी पिन ऐकते, तिसरी बोलते आणि पाचवी असते अर्थिंगची. दोन डबे जोडायचे तर एकीकडची दुसरी पिन दुसरीकडच्या तिसरीला आणि इकडची तिसरी तिकडच्या दुसरीला. पाचवी पाचवीला. तीन तारा, सहा टाके. डाखणी, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, ज्याच्याकडे आहे त्याला पाच मिनिटांचं काम. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये अशा वायरीवरून फाइली पलीकडे नेण्याची सोय होती, विंडोज ९५ मध्येही ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ होतं.

वेग मात्र बैलगाडीचा. सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट, म्हणजे साडेअकरा किलोबाइटच्या आसपास. एका फ्लॉपीत मावणारा मजकूर न्यायला दोन मिनिटांच्या वर लागत. सीडीभर माल न्यायचा तर सतरा तास. तरीही ही वायर लोकांनी वापरली, कारण पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागायची आणि ऐन वेळी ‘सेक्टर नॉट फाउंड’ यायचं.

त्यानंतर कॉम्प्युटर क्लासमध्ये दिसली काळी गोल केबल, टीव्हीच्या केबलीची चुलत बहीण. तिचं कागदोपत्री नाव १० बेस २. एका डब्यातून दुसऱ्यात अशी रांगेनं फिरवायची, प्रत्येक डब्याच्या पाठीला इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा जोड आणि रांगेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचं टोपण. एकूण लांबी १८५ मीटरच्या आत. तिचा एक दुर्गुण सगळ्यांना पाठ होता: रांगेतल्या एका पोरानं पाय हलवताना जोड सैल केला, की अख्खी रांग बंद. मास्तर मग डब्यांच्या मागे वाकून एकेक जोड चाचपत जायचे.

आपली राखाडी वायर आली ती यानंतर. तिचं घराणं मोठं. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफनं २२ मे १९७३ रोजी कॉम्प्युटर जोडण्याच्या ‘इथरनेट’ पद्धतीचं पहिलं टिपण लिहिलं. १९९० मध्ये तेच इथरनेट टेलिफोनसारख्या पिळाच्या तारांवरून चालवायचं मानक ठरलं आणि १९९५ मध्ये त्याचा वेग दसपट, सेकंदाला १०० मेगाबिट झाला. तारांना पीळ देण्याची युक्ती तर त्याहून जुनी. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पीळ असला की बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जाते.

या वायरीत आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटपर्यंत कामाच्या चारच: पहिली-दुसरी बोलायला, तिसरी-सहावी ऐकायला. कॉम्प्युटर हबला जोडला तर हब आतल्या आत ही अदलाबदल करून देतं. हब म्हणजे मंडीतला अडत्या. शेतकरी बोलतो ते तो ऐकतो आणि व्यापाऱ्याला ऐकू जाईल असं बोलतो. अडत्या काढून टाकला तर दोघांना एकमेकांचं ऐकायची सोय आपसात करावी लागते. सरळ केबलनं दोन कॉम्प्युटर जोडले, तर दोघंही एकाच तारेवर बोलत बसतात आणि दुसऱ्या तारेवर कान लावून राहतात. म्हणून वायर क्रॉस करायची.

“भाऊ, हब कायले घेता? दोनच तं डबे हायेत. एक टोक उलटं मारा अन् लावा सरळ.” नागपूरहून माल आणणारा पोरगा दुकानदाराला असं सांगायचा, तेव्हा तो नकळत अख्खं मानक दोन वाक्यांत सांगत असायचा.

हे उलटं टोक मारायचं कसं, ते जरा जवळून पाहू. गुंडाळी ३०५ मीटरची, म्हणजे बरोबर हजार फुटांची. तिच्यातून दुकानदार मीटरवर कापून द्यायचा. टोकाचं राखाडी आवरण इंचभर सोलायचं. आतल्या तारेला ब्लेड लागलं तर तुकडा कापून पहिल्यापासून सुरुवात. चारही पीळ उकलायचे, तारा अंगठा आणि तर्जनीत धरून सरळ करायच्या आणि रंग लावायचे. पहिल्या टोकाला पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला केशरीच्या जागी हिरवा आणि हिरव्याच्या जागी केशरी, बाकी सगळं जिथल्या तिथे. मी पोरांना शिकवायचो तेव्हा सांगायचो, एका टोकाला पिकलेलं संत्रं पुढे, दुसऱ्या टोकाला हिरवं. संत्र्याच्या मुलखातली पोरं. हे सूत्र पुन्हा सांगावं लागलं नाही.

मग आठही तारांची टोकं एका रेषेत कापायची, जॅक उलटा धरून, म्हणजे खटका खाली ठेवून, आत सरकवायची आणि समोरून पाहायचं. आठ तांबडे ठिपके शेवटपर्यंत पोचलेले दिसले तर क्रिम्परमध्ये घालून दाबायचं. कट्ट असा आवाज येतो. सोन्याच्या मुलाम्याच्या आठ बारीक पात्या तारांच्या अंगात शिरतात. ज्याच्याकडे क्रिम्पर नसे तो बारीक स्क्रू ड्रायव्हरनं एकेक पाती दाबायचा. आठातली एखादी वर राहायचीच, पण चारच कामाच्या असल्यानं बहुतेक वेळा निभावून जायचं. जॅक एकदा दाबला की परत उघडत नाही. चुकला तर कापून फेकायचा. नव्या शिकणाऱ्याच्या पायाशी अशा कापलेल्या जॅकचा सडा असायचा.

एक चूक मात्र टेस्टरलाही सापडत नसे, आणि ती मीही केली आहे. रंगांचा क्रम पाठ नसला की माणूस जोड्या शेजारीशेजारी लावतो: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकं त्याच हिशेबानं मारली की टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागतात. पण तिसरी आणि सहावी तार आता एका पिळातल्या राहत नाहीत, दोन वेगळ्या जोड्यांमधल्या होतात. जोडी फुटते आणि पिळाचा फायदाच संपतो. जवळच्या अंतरावर सगळं ठीक चालतं, मागच्या खोलीपर्यंत वायर नेली की छोटी फाइल जाते आणि मोठी अर्ध्यात अडकते. मी दोन दिवस कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला दोष देत होतो. निळ्याला हिरव्याच्या पोटात का घातलंय, हे त्या दिवशी कळलं.

वायर लावली, कार्डाच्या पाठीचा हिरवा दिवा लागला, की पुढचा विधी. एका डब्याला पत्ता १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२. घरगुती जोडणीसाठी राखून ठेवलेले हे आकडे १९९६ मध्ये जगभरासाठी ठरले, आणि आमच्याकडे ते पिनकोडइतके पाठ झाले. काळ्या खिडकीत पिंग मारायचं. ‘रिप्लाय फ्रॉम’च्या चार ओळी आल्या की चहा सांगायचा. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, त्यानं आपली फायरवॉलची भिंत आपोआप उभी केली आणि पिंगला उत्तर येईना. कितीतरी धडधाकट केबलींची टोकं त्या दिवसांत विनाकारण कापली गेली.

वायर मारायला हात होते, पण वीज कुठे होती? १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची मोठी वीजकेंद्रं तिकडे गेली. मध्यप्रदेशात कटौती इतकी वाढली की २००३ ची विधानसभा निवडणूक बिजली, सडक, पानी याच तीन शब्दांवर लढली गेली आणि दिग्विजय सिंहांचं दहा वर्षांचं सरकार गेलं. अशा दिवसांत हब म्हणजे आणखी एक अडॅप्टर आणि यूपीएसवर आणखी एक बोजा. क्रॉस केबलला वीज लागत नाही. दोन डबे चालू आहेत तोवर जोडणी चालू. शहरात क्रॉस केबल म्हणजे हब येईपर्यंतची तात्पुरती सोय. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं टिकली, त्यात या कटौतीचा मोठा हात आहे.

तिच्यावरून काय काय गेलं, त्याची यादी मोठी आहे. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका मोडेमचं इंटरनेट दुसऱ्या डब्याला वाटून देण्याची सोय आली आणि दोन खुर्च्यांचं सायबर कॅफे उघडणं शक्य झालं. फोनची लाइन एक, मोडेम एक, मधे आपली वायर. दिवसा निकाल पाहायला गर्दी आणि शटर अर्धं ओढलं की एज ऑफ एम्पायर्स. व्यापाऱ्यांच्या पेढीवर टॅलीचा डेटा पुढच्या डब्यात आणि मुनीम मागच्या. १ एप्रिल २००६ पासून मध्यप्रदेशात व्हॅट लागू झाला, महाराष्ट्रात तो वर्षभर आधीच आला होता. दोन राज्यांत माल फिरवणाऱ्यांचे हिशेब दुप्पट झाले आणि दुसरा डबा गरजेचा झाला.

हा सगळा खटाटोप चालू असताना सरकारही वायरी टाकत होतं. कोल्हापूरच्या वारणानगरला १९९८ मध्ये ७० गावं जोडण्याची ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आली. आमच्याच राज्यात धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झालं, सूचनालयं निघाली, परदेशी पारितोषिक मिळालं. दोन्हींवर भरपूर लिहिलं गेलं. पुढे वारणेच्या काही गावांत संशोधकांनी कॉम्प्युटरऐवजी मोबाइलच्या संदेशांवर काम चालवून पाहिलं, कारण तेवढ्यानंच शेतकऱ्याचं भागत होतं. पांढुर्णा-सौंसरच्या दुकानांमधल्या जोडण्यांना उद्घाटन नव्हतं, म्हणून समारोपही नव्हता. गरज होती तोवर त्या चालल्या.

गरज संपवली ती एका हुशार चिपनं. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या इंजिनिअरांनी कार्डालाच ओळखायला शिकवलं की समोरचा कुठल्या तारेवर बोलतोय, आणि त्याप्रमाणे ते आपले कान-तोंड बदलून घेऊ लागलं. १९९९ च्या गिगाबिट मानकात ही सोय आली आणि दहाएक वर्षांत नव्या डब्यांमध्ये सर्रास दिसू लागली. सरळ केबल लावा नाहीतर क्रॉस, दोन्ही चालतात. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, त्याच्यामागोमाग चार भोकांचा राउटर, मग वायफाय. फाइली न्यायला पेनड्राइव्ह. ‘क्रॉस’ लिहिलेल्या चिकटपट्टीचा अर्थ माहीत नसलेली पिढी आता दुकानात बसते.

क्रिम्पर मात्र गेलेला नाही. तो सीसीटीव्ही बसवणाऱ्यांच्या पिशवीत आहे, आणि केशरी-हिरव्याचा क्रमही तोच आहे. फक्त दोन्ही टोकं आता सरळ मारतात.

सौंसरची छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि तिथे मोठे रूळ आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्याची तहसील. दोन्ही गावांचा जिल्हा एक, दोन्हीकडचे रूळ साडेपाच फुटी. तरी पांढुर्ण्याहून सौंसरला रेल्वेनं जायचं म्हटलं, तर आजही नागपूरचा वळसा घ्या, नाहीतर आमला-छिंदवाड्याचा.